विश्लेषण : ३.१ टक्क्यांवरून ०.००४ टक्के… 'मुंबईवर येणाऱ्या' लघुग्रहाचा धोका सहा दिवसांत कसा विरला?

मंगळवारी, १८ फेब्रुवारी २०२५ रोजी 'नासा'नं जाहीर केलं, की '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्के आहे. दुसऱ्या दिवशी हा आकडा १.५ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या दिवशी ०.२८ टक्के आणि सोमवारी, २४ फेब्रुवारीला, ०.००४ टक्के. म्हणजे व्यवहारात शून्य.

या सहा दिवसांत आपल्या मोबाइलवर मात्र वेगळंच काही चालू होतं. जगाच्या नकाशावर एक लाल पट्टा, तो थेट मुंबईवरून गेलेला, आणि खाली 'फक्त सात वर्षं उरली' असा मजकूर. नंतर तेच लोक दुसरी पोस्ट फिरवू लागले : 'नासानं उगाच घाबरवलं', 'शास्त्रज्ञ रोज आकडे बदलतात'. दोन्ही पोस्टमध्ये एकच गैरसमज आहे. लघुग्रहानं या सहा दिवसांत रस्ता बदललेला नाही. तो जिथून जायचा तिथूनच जातोय. बदललं ते आपलं त्याच्याबद्दलचं ज्ञान. आणि ते ज्या पद्धतीनं वाढतं, त्यात धोक्याचा आकडा शून्यावर येण्याआधी वर चढणं हे अगदी अपेक्षित असतं.

हा लघुग्रह सापडला कधी?

२७ डिसेंबर २०२४ रोजी, चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या 'अॅटलास' दुर्बिणीला. पृथ्वीकडे येणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवण्यासाठीच ही यंत्रणा उभारलेली आहे आणि तिच्या दुर्बिणी हवाई, चिली आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. गंमत अशी, की सापडला त्याच्या दोन दिवस आधीच, २५ डिसेंबरला, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. चंद्राच्या अंतराच्या दुपटीहून थोडं जास्त. तो सूर्याच्या बाजूनं, म्हणजे आपल्या दिवसाच्या आकाशातून आला. त्यामुळे येताना दिसला नाही, जाताना पाठमोरा दिसला.

त्याच्या नावात काही गूढ नाही. 'वाय' हे अक्षर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी ठरलेलं आहे आणि 'आर४' म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेल्या नव्या वस्तूंमधला ११७ वा. एका पंधरवड्यात शंभरावर! लघुग्रह सापडणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे. (बातम्यांमध्ये त्याला कुठे उल्का म्हटलं गेलं, कुठे धूमकेतू. तो दोन्ही नाही. वातावरणात शिरून जळताना जी रेघ दिसते ती उल्का, आणि न जळता जमिनीवर पोहोचतो तो अशनी.)

आकाशात त्याची जागा मोजतात कशी?

दुर्बिणीतून लघुग्रह खडकासारखा दिसत नाही. दिसतो तो एक ठिपका, ताऱ्यासारखाच. फरक एवढाच, की तारे आपापल्या जागी राहतात आणि हा सरकतो. म्हणून आकाशाच्या त्याच तुकड्याचे तासाभरात तीन-चार फोटो काढतात आणि संगणक एकावर एक ठेवून तपासतो : कुठला ठिपका हलला?

हललेल्या ठिपक्याची जागा आजूबाजूच्या ताऱ्यांवरून ठरते. गावात घर सांगताना आपण 'देवळाच्या मागं, वडाच्या उजवीकडं' म्हणतो तसंच. इथे खुणेचे तारे म्हणजे युरोपच्या 'गाया' यानानं अतिशय काटेकोरपणे मोजलेले तारे. पृथ्वीवर जसे अक्षांश-रेखांश, तसेच आकाशात दोन आकडे असतात. एक ठिपका, दोन आकडे आणि फोटोची अचूक वेळ, ही झाली एक नोंद. जगभरातल्या अशा नोंदी अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या 'मायनर प्लॅनेट सेंटर'कडे जातात. तिथून त्या सगळ्यांना खुल्या होतात. कॅलिफोर्नियातलं नासाचं केंद्र आणि इटलीतलं युरोपीय अवकाश संस्थेचं केंद्र आपापल्या पद्धतीनं स्वतंत्रपणे कक्षा काढतात आणि उत्तरं ताडून पाहतात. त्यामुळे 'नासा लपवतंय' या दाव्यात फारसा दम नाही.

मुख्य अडचण आता येते. फोटोवरून आपल्याला फक्त दिशा कळते. तो ठिपका किती लांब आहे, हे एका फोटोवरून कळत नाही. जवळचा काजवा आणि दूरच्या टेकडीवरचा दिवा अंधारात सारखेच दिसतात. अंतर काढायचं तर वेगवेगळ्या रात्रींच्या दिशा एकत्र करून, सूर्याभोवती फिरणारी कुठली कक्षा त्या सगळ्या दिशांना जुळते, हे शोधावं लागतं.

हे गणित दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी यांना पालेर्मोहून 'सेरेस' दिसला. फेब्रुवारीपर्यंत त्यांनी तो पाहिला आणि मग तो सूर्याच्या उजेडात हरवला. पुन्हा शोधायचा कुठे? तेव्हा चोविशीत असलेल्या गाउस या गणितज्ञानं त्या मोजक्या नोंदींवरून कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस त्यांनी सांगितलेल्या भागात सापडला. आजचे संगणक ग्रहांचं गुरुत्वाकर्षण वगैरे कितीतरी गोष्टी जमेस धरतात, पण मूळ प्रश्न तोच आहे : थोड्या नोंदींवरून पुढचा लांबचा रस्ता सांगायचा.

मग अडलं कुठे?

२०२४ वायआर४ सूर्याभोवती एक फेरी सुमारे चार वर्षांत मारतो. त्याची कक्षा चांगलीच लांबट आहे. एक टोक पृथ्वीच्या कक्षेच्या थोडं आत, तर दुसरं गुरूच्या दिशेनं पार पुढे. २०३२ पर्यंत त्याच्या दोन फेऱ्या होतील. १८ फेब्रुवारीला हातात होत्या फक्त साडेसात आठवड्यांच्या नोंदी. साडेसात आठवडे बघून जवळजवळ आठ वर्षांनंतरचं सांगायचं होतं.

त्यात अचूकता किती हवी, ते पाहा. पृथ्वी आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं पळते. तिचा व्यास १२,७५६ किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या लांबीएवढं अंतर ती सात मिनिटांत ओलांडते. लघुग्रहाचा रस्ता पृथ्वीच्या रस्त्याला जवळजवळ छेदून जातो, हे लवकरच कळलं होतं. खरा प्रश्न वेळेचा होता. तो त्या चौकात पोहोचेल तेव्हा पृथ्वी तिथे असेल की पुढे गेलेली असेल? आठ वर्षांच्या प्रवासात या सात मिनिटांचा हिशेब लावायचा होता. फेरीच्या काळात एका मिनिटाची चूक झाली, तर दोन फेऱ्यांत दोन मिनिटांचा फरक पडतो.

आणखी एक पंचाईत म्हणजे तो आपल्यापासून जवळपास सरळ रेषेत लांब जात होता. रुळांवर उभं राहून लांब जाणारी गाडी बघितली, तर ती लहान होत जाते, पण बाजूला सरकताना दिसत नाही. दिशेत फरकच कमी पडत असेल तर नोंदींमधून माहितीही कमी मिळते. रडार अंतर थेट मोजतं, पण सापडेपर्यंत तो रडारच्या टप्प्यातून निसटत चालला होता.

शिवाय तो रोज फिका होत होता. अगदी काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. हा फेब्रुवारीत २३ व्या प्रतीच्याही पुढे गेला होता, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा साठ लाख पटींहून फिका. त्यासाठी चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'सारख्या आठ मीटर आरशाच्या दुर्बिणी लागतात. त्यातही १२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा आली. चंद्रप्रकाशात एवढा फिका ठिपका धरता येत नाही, म्हणून काही रात्री कामच थांबलं. पौर्णिमा सरल्यावर निरीक्षणं पुन्हा सुरू झाली आणि त्याच आठवड्यात आकडे वेगानं हलले.

धोका आधी वाढला आणि मग एकदम पडला, असं का?

क्रिकेटमधला डीआरएस आठवा. पायचीतचा निर्णय देताना चेंडू पॅडला लागेपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी पाहिलेला असतो आणि पुढचा मार्ग संगणक आखतो. टप्पा पडल्यापडल्या चेंडू पॅडला लागला तर हाताशी फार थोड्या फ्रेम असतात आणि पुढचा अंदाज कच्चा राहतो. लघुग्रहाच्या बाबतीतही असंच. त्याचा पुढचा मार्ग एका रेषेनं दाखवता येत नाही. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो कुठे असू शकेल, याची एक लांबलचक अरुंद पट्टी मिळते.

आता साधं गणित करू. खालचे आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा ही पट्टी १० लाख किलोमीटर लांब आहे आणि पृथ्वी तिच्यात कुठेतरी बसते. पट्टीवर कुठेही असण्याची शक्यता सारखी धरली, तर पृथ्वीचा वाटा १२,७५६ भागिले १० लाख, म्हणजे सुमारे १.३ टक्के. नव्या नोंदी आल्या, पट्टी आखडून ४ लाख किलोमीटर झाली आणि पृथ्वी अजून तिच्यातच आहे. पृथ्वी काही लहान झालेली नाही, म्हणून तिचा वाटा ३.२ टक्क्यांवर गेला. काहीही वाईट घडलेलं नसताना 'धोका वाढला'.

पट्टी आणखी आखडते आणि एका रात्री तिचं टोक पृथ्वीच्या अलीकडे येऊन थांबतं. पृथ्वी पट्टीबाहेर. आकडा धाडकन खाली. २७ जानेवारीला १ टक्क्याची वेस ओलांडणं, ७ फेब्रुवारीला २.३, १८ तारखेला ३.१ आणि मग तीन रात्रींत घसरण, हे सगळं असंच घडलं. खरोखर आदळणारा लघुग्रह असता, तर सुरुवातीचे आकडे असेच चढले असते. फक्त ते नंतर पडले नसते. १०, ४०, ९० असे चढतच गेले असते. म्हणूनच शास्त्रज्ञ ३.१ वर घाबरले नाहीत आणि दुर्लक्षही केलं नाही.

याआधी २००४ च्या डिसेंबरात 'अपोफिस'चं असंच झालं होतं. तेव्हा आकडा २.७ टक्क्यांपर्यंत गेला. मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या फोटोंमध्ये तो नकळत टिपला गेल्याचं आढळलं. काही महिने मागची जागा मिळाल्यानं २०२९ मधल्या टकरीची शक्यता संपली. १३ एप्रिल २०२९ रोजी तो जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल.

माझ्या मते यात अवकाश संस्थांचीही थोडी चूक आहे. पारदर्शकता म्हणून रोजचा आकडा जाहीर करणं चांगलंच, पण त्यासोबत 'हा आकडा आधी वाढेल आणि बहुधा मग शून्य होईल' हे वाक्य तितक्याच ठळकपणे द्यायला हवं होतं. ते त्यांच्या निवेदनांत होतं, पण खालच्या परिच्छेदांत. मथळे मात्र वरच्या आकड्यावर बेतले गेले.

मुंबईचं नाव कुठून आलं?

हे मात्र कुणी हवेतून काढलेलं नव्हतं. ती लांब पट्टी पृथ्वीच्या गोलावरून जिथून जात होती, तिथे जमिनीवर एक अरुंद पट्टा उमटत होता. पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. आंतरराष्ट्रीय इशारा यंत्रणेच्या अधिकृत सूचनेत हे प्रदेश होते. त्यावरून मुंबई, कोलकाता, ढाका, लागोस, बोगोटा अशी शहरं बातम्यांत आली.

पण 'मुंबईवर ३.१ टक्के धोका' हे वाचन चुकीचं होतं. ३.१ टक्के ही संपूर्ण पट्ट्याची मिळून शक्यता होती. पट्टा ढोबळमानानं २० हजार किलोमीटर लांब धरा. त्या सूचनेनुसार नुकसान आघाताच्या जागेपासून जास्तीत जास्त ५० किलोमीटरपर्यंत पोहोचलं असतं. म्हणजे एका शहराच्या वाट्याला पट्ट्याचे सुमारे १०० किलोमीटर, दोनशेतला एक भाग. आकडा सर्वात वर होता त्या दिवशीही मुंबईपुरती शक्यता साधारण साडेसहा हजारांत एक एवढीच निघते. शिवाय पट्ट्याचा बराचसा भाग समुद्रावर होता.

मग हा सगळा गोंगाट फुकटच?

अजिबात नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेत फुटला. तो आधी कुणालाच दिसला नव्हता, कारण तोही सूर्याच्या बाजूनं आला. दीड हजारच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक जण खिडक्यांच्या काचांनी. २०२४ वायआर४ त्याहून बराच मोठा आहे. आपल्याकडे बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, हेही अशाच आघातानं बेसाल्टमध्ये पडलेलं विवर आहे.

नेमका किती मोठा, हे मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये पक्कं नव्हतं. तेव्हाचा अंदाज ४० ते ९० मीटर. एवढी तफावत असण्याचं कारण साधं आहे. कोळशासारखा काळा मोठा दगड आणि खडूसारखा पांढरा लहान दगड सारखाच उजेड परतवू शकतात. आणि ४० आणि ९० मीटरमध्ये वस्तुमानाचा फरक अकरा पटींचा पडतो. एका टोकाला काचा फुटतील, दुसऱ्या टोकाला शहर उद्ध्वस्त होईल. म्हणून 'जेम्स वेब' दुर्बिणीनं २०२५ च्या मार्च आणि मे महिन्यांत त्याची उष्णता मोजण्याचं ठरलं होतं. दगड तापून किती उष्णता बाहेर टाकतो, यावरून आकाराचा अंदाज जास्त खात्रीचा मिळतो.

खरी काळजीची गोष्ट वेळेची होती. काही महिन्यांत हा लघुग्रह पृथ्वीवरच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर जाणार होता आणि २०२८ पर्यंत त्यांना पुन्हा दिसणार नव्हता. पौर्णिमेनंतरच्या त्या रात्री ढगांनी किंवा आणखी कशानं वाया गेल्या असत्या, तर दोन-तीन टक्क्यांचा आकडा घेऊन जगाला तीन वर्षं बसावं लागलं असतं. २०२८ मध्ये 'हो, आदळणार' असं कळलं असतं, तर हाती उरली असती चार वर्षं. सप्टेंबर २०२२ मध्ये 'डार्ट' यानानं डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाला धडकून त्याची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी करून दाखवली. रस्ता बदलता येतो, हे सिद्ध झालं आहे. पण यान बांधायला आणि पोहोचायला वर्षं लागतात.

सूर्याच्या बाजूनं येणारे दगड दिसत नाहीत, हा प्रश्न तर कायमच आहे. त्यासाठी अवकाशात, उष्णता पाहणारी दुर्बीण हवी. नासाची 'निओ सर्व्हेयर' २०२७ मध्ये सोडण्याचं नियोजन आहे.

आणि चंद्र?

पृथ्वी पट्टीबाहेर गेली, तेव्हा चंद्र मात्र अजून आत होता. नासाच्या हिशेबानं चंद्रावर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये १.७ टक्के होती. वर सांगितलेलं गणित इथेही लागू आहे. पट्टी आणखी आखडली आणि चंद्र तिच्यात राहिला, तर असा आकडा वाढतो. तेव्हा 'चंद्र फुटणार' अशा पोस्ट आल्या तर गोंधळून जाऊ नका. चंद्राचा व्यास जवळपास ३,५०० किलोमीटर आहे. असा दगड आदळलाच, तर त्याच्या असंख्य विवरांत एकाची भर पडेल. त्याची कक्षा हलणार नाही.

स्वतः तपासायचं असेल तर?

'लाइव्ह ट्रॅकर' म्हणून फिरणारे बहुतेक व्हिडिओ म्हणजे नुसतं अॅनिमेशन असतं. २३ व्या प्रतीची वस्तू कुठल्याही गच्चीवरून लाइव्ह दिसू शकत नाही. खरा आकडा हवा असेल तर नासाची 'सेंट्री' यादी आणि युरोपीय अवकाश संस्थेची धोका-यादी, दोन्ही कुणालाही मोफत पाहता येतात. एखाद्या पोस्टमधलं नाव तिथे शोधा. नावासमोर दोन गोष्टी बघा : टक्केवारी आणि 'टोरिनो' श्रेणी. ही श्रेणी शून्य ते दहा असते. २०२४ वायआर४ तीनवर गेला होता, आता शून्यावर आहे. अपोफिस एकदा चारवर पोहोचला होता. त्याच्या वर आजपर्यंत कुणीच गेलेलं नाही. नासाची 'होरायझन्स' सेवा तर तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश दिले, की कुठल्याही ज्ञात लघुग्रहाची त्या रात्रीची आकाशातली जागा सांगते.

आणि खरोखरचा लघुग्रह ताऱ्यांमधून सरकताना बघायचा असेल, तर 'वेस्टा' सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येण्याची वाट बघा. २ मे २०२५ च्या सुमारास तो तसा, तूळ राशीत होता आणि साध्या द्विनेत्रीतून सहज दिसेल इतका तेजस्वी होता. शहराच्या दिव्यांपासून लांब जा, त्या भागातल्या ताऱ्यांचं कागदावर चित्र काढा आणि दोन-तीन रात्रींनी तेच चित्र पुन्हा काढा. एक ठिपका हललेला असेल.